सख्ख्या भावानं फसवलं ते एक, पण आता सगळ्यांवरचीच माया आटायलीय, काय करावं?

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती) | सोमवार, रात्री 11:48

लई दिवस लिहू का नको लिहू का नको चालू होतं, आज लिहितेच. मोठं होईल, सांभाळून घ्या. मोबाईलवर टाईप करतेय, शुद्धलेखन काढत बसू नका.

माहेर पूर्णा तालुक्यात, सासर परभणीजवळ. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ, दादा सगळ्यात मोठा. बाबा 2019 ला गेले. सहा एकर रान, त्यातलं चार काळं, दोन बरड. 2021 मध्ये दादा घरी आला, येताना पेढे आणि पोरांना कपडे घेऊन आला आणि म्हणला बाई, सोयाबीनला पीककर्ज काढायचंय, बँकेत सगळ्या वारसांच्या सह्या मागायलेत, उद्या ये. गेले. दुय्यम निबंधकाच्या हापिसात फोटो काढला, अंगठा घेतला, 200 रुपयांच्या मुद्रांकावरचा कागद, मी एक ओळ वाचली नाही. कशाला वाचू, दादा हाय ना. त्या दिवशी त्यानं आम्हा दोघी बहिणींना हॉटेलात पुरी-भाजी खाऊ घातली आणि मी घरी येऊन नवऱ्याला म्हणलं होतं, बघा माझा भाऊ कसा करतो माझं. हे वाक्य आता आठवलं की पोटात खड्डा पडतो.

ते हक्कसोडपत्र होतं. कळलं कधी, तर जालना-नांदेड द्रुतगती मार्गात काळं रान गेलं आणि मोबदल्याच्या यादीत एकट्या दादाचं नाव दिसलं तेव्हा, मागच्या दिवाळीच्या आधी. फोन केला तर म्हणला तुझ्या लग्नात बाबांनी एक एकर विकलं ते काय फुकट होतं का. (ते खरंय. विकलं होतं. म्हणून तर डोक्यात अजून गुंता होतो.)

पण धागा जमिनीसाठी काढला नाही. मी आमच्या बचतगटाची सचिव आहे, आम्ही बारा बायका, महिन्याला प्रत्येकी 100 रुपये, त्यातूनच एकमेकींना कर्ज. बँकेतून पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही लागते. मागच्या महिन्यात एका बाईला 8,000 पाहिजे होते, सुनेचं सिझर झालं होतं, आणि मी सही करंना. म्हणलं दवाखान्याचे कागद आण. आणले. म्हणलं हे खरे कशावरून. ती माझ्याकडं बघतच राहिली. सात वर्षं झाली ती माझ्यासोबत गटात आहे, माझी पोरगी आजारी होती तेव्हा दोन रात्री माझ्या घरी जागली होती. शेवटी सही केली पण दोन दिवस लावून, आणि तेवढ्यात तिनं पायातल्या पट्ट्या मोडल्या.

त्या रात्री झोप लागली नाही. नवऱ्याचा मोबाईल चोरून बघते, सोनं ज्वारीच्या कोठीत लपवलंय, शेजारीण साखर मागायला आली तर मनात येतं की ही नेमकं काय बघून जायलीय. फसवलं एका माणसानं आणि मी सूड घ्यायलेय भलत्यांवर. मी अशी नव्हते ओ. पुढच्या महिन्यात दादाच्या पोरीचं लग्न आहे, त्या पोरीला मी न्हाऊमाखू घातलेलं आहे. वहिनीचा फोन आला होता, मी उचलला नाही.

दादाला माफ करावं का नाही हे विचारत नाही. मला माझं जुनं मन परत कसं मिळंल ते सांगा.

कडू_कारलं | सोमवार, रात्री 11:59

केस ठोका. मन बिन आपोआप येईल परत.

तूरडाळ_भात | मंगळवार, सकाळी 6:20

वाचतेय. त्या पट्ट्यांचं वाचून गलबलून आलं. ताई तुम्ही हे लिहिलंत म्हणजे मन कुठं गेलेलं नाहीये असं मला वाटतं, पण सकाळी सकाळी ज्ञान नको, डबे भरते, दुपारी लिहिते.

नाथांचा_वारकरी | मंगळवार, सकाळी 7:05

ताई मी पैठणचा. आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, नाथ महाराज गोदावरीत स्नान करून वर यायचे आणि एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा, महाराज परत नदीत उतरायचे, तो परत थुंकायचा. असं 108 वेळा. शेवटी तोच पाया पडला. महाराज म्हणले तुझ्यामुळं गोदामाईचं इतक्या वेळा स्नान घडलं. शांती ही अशी पाहिजे. नाथषष्ठीला या, समाधीपुढं बसा घटकाभर, बरं वाटेल.

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती) | मंगळवार, सकाळी 9:30

@नाथांचा_वारकरी, महाराजांना दंडवत. पण एक विचारू का, राग मानू नका. तो थुंकणारा परका होता. त्यानं नाथांना पुरी-भाजी खाऊ घातली नव्हती आधी.

कडू_कारलं | मंगळवार, सकाळी 9:34

😂 वारकरी बुवा, घ्या.

नाथांचा_वारकरी | मंगळवार, सकाळी 10:15

खरंय ताई, निरुत्तर केलंत. पण मग घरातल्या माणसाची पण गोष्ट आहे, ती कमी सांगतेत लोक. नाथांचा सख्खा मुलगा हरिपंडित. वडील मराठीतून पुराण सांगतेत, कुणाच्याही घरी जेवतेत, हे त्याला पटायचं नाही, तो रुसून काशीला निघून गेला. नाथ स्वतः म्हातारपणी त्याला आणायला गेले असं सांगतेत. त्यानं अटी घातल्या, परान्न घ्यायचं नाही आणि मराठीत सांगायचं नाही. महाराजांनी मानल्या. मग पुराणाला येणारी माणसं कमी झाली, सगळं सुनंसुनं झालं, आणि पुढं पोराचंच मन पालटलं. तर घरच्याकडून दुखावलं जाणं त्यांच्याही वाट्याला आलं होतं, एवढंच म्हणायचंय.

सासुरवाशीण_जालना | मंगळवार, सकाळी 11:02

मला ही गोष्ट माहीत आहे आणि मला त्यातलं अर्धंच पटतं. पोराला आणायला गेले ते पटलं. पण त्याच्यासाठी आपलं बोलणंच बंद करायचं हे काय पटत नाही बाई. आमच्या घरी मी तेच केलं. नवऱ्यानं बाहेर भानगड केली, तीन वर्षं चालली, कळल्यावर सगळ्यांनी मलाच सांगितलं की मन मोठं कर. केलं मोठं. इतकं मोठं केलं की त्यात माझीच जागा उरली नाही.

आणि एक बोलतेच. हे दया माया करुणा सगळं बायकांच्याच वाट्याला का येतं? भावानं जमीन घ्यायची आणि बहिणीनं मन मोठं करायचं. आपल्याकडं हक्क सोडणाऱ्या बहिणीला चांगली म्हणतेत आणि मागणारीला हावरट. साडीचोळी घे आणि सही दे, नाही तर माहेर तुटलं. तुमच्या दादानं तर सही पण न सांगता घेतली, म्हणजे साडीचे पण पैसे वाचवले.

तूरडाळ_भात | मंगळवार, दुपारी 1:40

जालनाताई +1000.

हरकत_नोंदवा | मंगळवार, दुपारी 2:10

मी कोर्टात रोज असतो, वकील नाही, पण कामच तिथलं आहे. भावनेचं मला फार कळत नाही, कागदाचं सांगतो.

फेरफार झाला म्हणजे मालकी गेली असं नाही, ती महसुली नोंद. खरा अडथळा ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र. ते फसवून घेतलं म्हणून रद्द मागायचं असेल तर फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते, म्हणजे तुमचं घड्याळ मागच्या दिवाळीपासून चालू झालंय असं धरून चला. सिद्ध तुम्हालाच करावं लागेल आणि ते सोपं नसतं, फोटो अंगठा सगळं तुमचंच आहे. पीककर्जाचं बोलणं कुठं व्हॉट्सअपवर असेल तर जपून ठेवा. वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा जन्मतः वाटा, आणि वडील 2005 ला जिवंत होते का नव्हते यानं फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सांगून टाकलंय. बाबांची स्वकष्टाची असेल तरी मृत्युपत्र नसताना आई, भाऊ, तुम्ही दोघी, सगळे सारखे. चांगला दिवाणी वकील बघा आणि लवकर बघा. माया करत करत मुदत घालवलेली माणसं मी रोज बघतो.

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती) | मंगळवार, दुपारी 3:25

@हरकत_नोंदवा धन्यवाद भाऊ, हे मला कुणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं. @सासुरवाशीण_जालना, तुमचं वाचून रडले. बऱ्याच दिवसांनी रडू आलं, आधी ते पण येत नव्हतं.

मुकादम_1978 | मंगळवार, रात्री 8:50

बीड जिल्हा. ऊसतोडीचा मुकादम आहे, वीस वर्षं झाली. लोक मुकादमाला शिव्या देतेत, द्या, पण माझं पण ऐका.

माझा मावसभाऊ, एकाच ताटात जेवलेलो. एका वर्षी त्याच्या भरवशावर मी सहा कोयत्यांची उचल त्याच्या हातात दिली, म्हणजे सहा नवरा-बायको जोड्यांना आगाऊ द्यायचे पैसे. त्यानं ते मजुरांना दिलेच नाहीत, कर्नाटकातल्या दुसऱ्या कारखान्याकडून पण उचल घेतली आणि गायब. कारखान्याला पैसे मी भरले, बैलजोडी विकली, बायकोचं गंठण गेलं. त्याच्यावर मी केस केली नाही कारण मावशी जिवंत होती.

पण त्याचा राग मी कुणावर काढला, पुढच्या वर्षीच्या मजुरांवर. कोरे कागद सही करून घ्यायचो. एका पोराची मोटारसायकल ठेवून घेतली. एकाला बाप वारला तरी गावी जाऊ दिलं नाही, म्हणलं पळून जाशील. गेला नसता तो. मला तेव्हाच माहीत होतं की हा जाणार नाही, तरी नाही सोडलं. ताई तुमच्या त्या पट्ट्यांचं वाचलं आणि मला तो पोरगा आठवला. तुम्हाला दोन दिवसात कळलं, मला सहा वर्षं लागली.

कडू_कारलं | मंगळवार, रात्री 9:05

मुकादम साहेब, मग त्या पोराचं पुढं काय? माफी मागितली का नुसतंच इथं लिहून मोकळे?

मुकादम_1978 | मंगळवार, रात्री 9:40

मागितली. तो म्हणला आता काय उपयोग. बरोबरच म्हणला. अजून माझ्याच टोळीत आहे, उचल त्याची त्याच्या खात्यावर जाते, बँकेतून. कोरा कागद कुणाचाच घेत नाही आता.

आशा_ताई_हिंगोली | बुधवार, सकाळी 6:45

लेकीताई, एक प्रश्न, झोप कशी आहे? जेवण जातं का? तुम्ही लिहिलं की रडू पण येत नव्हतं, मोबाईल चोरून बघते, सारखा संशय. हे महिनोन् महिने चालू असेल तर फक्त स्वभाव बदलला असं समजू नका, शरीर थकलेलं असतं, मेंदू सारखा पहाऱ्यावर बसलेला असतो. टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे 14416, फुकट, मराठीत बोलतेत. मी माझ्या गावातल्या चार-पाच जणींना लावून दिलाय. लाज वाटून घेऊ नका, ताप आल्यावर गोळी घेतो की नाही. बाकीचं तत्त्वज्ञान झोप झाल्यावर.

सास्तूर_पट्टा | बुधवार, रात्री 10:30

दोन दिवस वाचतोय, आज लिहितो. थोडं लांबेल.

आमचं गाव भूकंपातलं, लोहारा तालुका. 30 सप्टेंबर 1993, आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, पहाटे चार वाजायच्या जरा आधी झालं. तेव्हाची घरं म्हणजे दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार म्हणून कौतुक असायचं, तेच सगळं अंगावर आलं. मी अकरा वर्षाचा. आई, वडील आणि बहीण गेली. मला काकानं काढलं. खोरं नाही टिकाव नाही, हातानं माती उकरली त्यानं, पाऊस चालू होता नंतर, त्याच्या चार बोटांची नखं गेली होती. आधी मला काढलं आणि मग स्वतःच्या पोराला. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. काकू मरेपर्यंत त्याला यावरून बोलायची.

त्यानंच वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणात घरं मिळाली, 250, 400 आणि 750 चौरस फुटाची, आमचं 400 चं, त्यात आम्ही सात जण. मला कधी वेगळं ताट नव्हतं.

आणि 2008 ला मला कळलं की माझ्या बापाच्या वाट्याचं रान त्यानं माझ्या सज्ञान व्हायच्या आधीच स्वतःच्या पोराच्या नावावर फिरवलेलं आहे.

आता सांगा मी काय करायचं होतं. लोक म्हणायचे, त्यानं तुला काढलं ते जमिनीसाठीच काढलं. अरे मातीच्या ढिगाखाली पोरगं ओरडतंय तेव्हा कुणाला सातबारा आठवतो का? काढलं तेव्हा खरंच काढलं. आणि फिरवलं तेव्हा खरंच फिरवलं. मी बरीच वर्षं हे दोन्ही एकमेकांतून वजा करून बघत होतो, म्हणजे उपकार वजा फसवणूक बरोबर किती. ते उत्तर रोज वेगळं यायचं. मग वजा करायचंच सोडलं.

मी दावा लावला. होय, काकावर. आणि दावा चालू असताना त्याला अर्धांग झालं तेव्हा लातूरच्या दवाखान्यात सोळा दिवस मीच होतो, कारण त्याचा पोरगा पुण्यात आणि सून येईना. तारखेच्या दिवशी दवाखान्यातून कोर्टात जायचो आणि कोर्टातून परत दवाखान्यात. नर्सला कळंना मी कोण लागतो. काकाला वाचा नव्हती, माझा हात धरायचा फक्त. माफी मागत होता का पाणी मागत होता देव जाणे. मी पाणी द्यायचो.

तडजोड झाली नंतर, निम्मं मिळालं. काका 2017 ला गेला.

मला कुणी मोठ्या मनाचा म्हणलं की राग येतो. मोठं बिठं काही नाही. मला फक्त असं वाटायचं की त्यानं माझं रान घेतलं तेवढं बास, माझं त्याच्यावरचं प्रेम पण त्यालाच कशाला घेऊ द्यायचं, ते माझं होतं.

तूरडाळ_भात | बुधवार, रात्री 10:52

...

सासुरवाशीण_जालना | बुधवार, रात्री 11:10

दादा, तुमच्यासारखं दावा लावून मग पाणी पाजलेलं मला चालतंय. दावा न लावता पाणी पाजायला लावतेत त्याला माझा विरोध.

हरकत_नोंदवा | गुरुवार, सकाळी 10:00

सास्तूरवाले, सलाम. असे पक्षकार मी पाहिलेत, कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच डब्यातलं खाणारे वादी-प्रतिवादी. कमी असतात पण असतात.

येळवसकर | गुरुवार, दुपारी 12:20

लातूर. माझं फार मोठं नाही, बांधाचंच भांडण. चुलतभावानं बांध कोरून कोरून तीन-चार फूट आत घेतला, मोजणी आणली तर मोजणीवाल्यासमोर अंगावर धावून आला. सहा वर्षं बोलणं बंद.

आता आमच्याकडं येळवस म्हणजे येळ अमावस्या, बाहेरच्यांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात. कडब्याची कोप करायची, पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, आणि रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस पण हाक मारून जेवायला बसवायचा, न जेवता कुणाला जाऊ द्यायचं नाही. तर एका वर्षी आमच्या आईनं काय केलं, आंबिलीचं बिंदगं घेतलं आणि सरळ त्याच्या कोपीत नेऊन ठेवलं. मी चिडलो. आई म्हणली, वाटंनं जाणाऱ्या टेम्पोवाल्याला बोलवून जेवायला घालतोस, त्याचं नाव तरी माहीत हाय का तुला? तो चोर असला तर? आणि ह्यो तर माहितीतला चोर हाय.

माहितीतला चोर 😀 हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात रुजलाय. मोजणीचे खांब रोवलेत, तार मारलीय, आणि येळवसला आंबील जाते. तार आधी मारली बरं का. तार नसती तर आंबील गेली नसती, हे पण खरं सांगतो.

मुकादम_1978 | गुरुवार, दुपारी 1:15

तार मारल्यावर आंबील, हे लई पटलं. माझं पण पैसे बँकेतून जायला लागल्यावरच डोकं शांत झालं. आता टोळीतल्या पोराशी मी हसून बोलू शकतो कारण मनात हिशोब चालू नसतो.

नाथांचा_वारकरी | गुरुवार, दुपारी 3:00

अवांतर, भज्जीची रेसिपी कुणी तरी नीट टाका. आमच्या पैठणकडं ही पद्धत नाही.

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री 11:20

सगळ्यांचं वाचलं, काहींचं तीन-तीन वेळा. बचतगटाचं सांगते आधी. आमच्याकडं ठराव वही आहे, कुणाला किती दिले, का दिले, सगळ्यांच्या सह्या. सात वर्षं मी ती वही नावाला भरायचे, कारण विश्वासावर चालायचं सगळं. काल बैठकीत मी ती वही काढली आणि नियम केला, दवाखान्याला 10,000 पर्यंत पाहिजे असतील तर तीन जणींनी हो म्हणलं की त्याच दिवशी सही, कागद नंतर, वहीत नोंद मात्र लगेच. लिहिताना कळलं की मी शंका डोक्यात ठेवली होती, ती वहीत ठेवायची होती. नोंद वहीत गेली आणि मी त्या बाईच्या तोंडाकडं नीट बघू शकले. पट्ट्यांचे पैसे मी देते म्हणलं तर ती म्हणली राहू द्या, सुनेला मुलगी झालीय, तिला पैंजण घ्या. घेणार आहे.

14416 ला फोन केला, वीस मिनिटं बोलले. त्यांनी जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलंय, जाईन.

आता एक राहिलेलं. मी आधी लिहिलं नव्हतं. आईनं पण त्याच दिवशी त्याच टेबलावर अंगठा दिला होता. आईला वाचता येत नाही म्हणून मी सहा महिने स्वतःला समजावत होते की तिला माहीत नसणार. मग एकदा विचारलं. ती निवडत होती काहीतरी, खाली बघतच राहिली आणि म्हणली, मला त्याच्याच घरात मरायचंय बाई. बास, इतकंच. दादाचा राग येतो, पण आईचं हे वाक्य आठवलं की राग पण येत नाही, नुसतं हात-पाय गळतेत. माझी माया आटली ती दादामुळं नाहीच बहुतेक, ह्या वाक्यामुळं.

सास्तूर_पट्टा | शुक्रवार, रात्री 11:45

ताई, हे लिहिलंत ते बरं केलं. आईनं तुमच्यापेक्षा त्याला निवडलं असं नसतंय ते. तिनं छप्पर निवडलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाईला दुसरं काय निवडता येतं.

सासुरवाशीण_जालना | शनिवार, सकाळी 7:30

हो पण लेकीला दुखलंच ना. दोन्ही खरंय. ताई, आईला तुमच्या घरी चार दिवस आणा जमलं तर. जमिनीचा विषय काढू नका. नुसतं डोक्याला तेल लावून द्या.

कडू_कारलं | शनिवार, सकाळी 9:00

लग्नाला जाणार का?

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी 9:10

अजून ठरलं नाही. वकील मात्र ठरला.

तूरडाळ_भात | 29 दिवसांनी, रविवार, रात्री 9:00

धागा वर काढतेय. ताई, झालं का लग्न? सगळे वाट बघायलेत.

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती) | रविवार, रात्री 11:35

झालं. गेले होते.

दावा लग्नाच्या नऊ दिवस आधी दाखल झाला, धाकटीनं पण सही केली, दोघींनी प्रत्येक पान वाचलं, वकील वैतागला. मला वाटलं होतं आता लग्नात पाऊल टाकता येणार नाही, पण उलटंच झालं. मनात लपवायला काही राहिलं नव्हतं. नोटीस त्याला मिळालेली होती, मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. भावकीत कुजबुज होती, एक मामी तोंडावर म्हणल्या, कोर्टात बी जायचं आणि अक्षता बी टाकायच्या का? मी म्हणलं हो मामी, दोन्ही.

हळद मीच लावली पोरीला. ती माझ्या गळ्यात पडून इतकी रडली, तिला किती माहीत आहे देव जाणे, मी काही विचारलं नाही. तिच्या बापाचं ओझं तिला कशाला.

दादा दिवसभर लांब लांब होता. पंगतीच्या वेळी वाढायला आला, माझ्या पानापाशी थांबला, डोळ्याला डोळा नाही, बुंदी हातात, आणि म्हणला, बाई, वाढू का? मी म्हणलं वाढ. त्यानं जास्त वाढली, लहानपणी वाढायचा तशी. मला खाता नाही आली सगळी. राग नव्हता आला, घासच उतरंना. हे पण खरं सांगते, नाही तर तुम्हाला वाटंल सगळं गोड झालं. काही गोड झालं नाही. तारीख 14 ला आहे.

निघताना आईनं पिशवी हातात दिली. अर्धी पायली तुरीची डाळ, प्रत्येक खेपेला देते तशी, वरून जुन्या साडीच्या चिंधीनं बांधलेली. कोणत्या रानातली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आज वरण केलं होतं.

येळवसकर | रविवार, रात्री 11:50

ताई, वरणावरून आठवलं, भज्जीची रेसिपी राहिलीच की. उद्या आईला विचारून टाकतो.